घोलपकाकांची न फुटणारी संख्या

जयपूरला आदर्श नगरात मी भाड्याने घर घेतलं, त्या दिवशी माझं सामान अजून जिन्यातच होतं. कपाळावरचा घाम पुसत वर आलो तर एक उंच, ताठ, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ माझ्या दारावरच्या क्रमांकाकडे टक लावून उभे. मराठी माणूस राहायला येतोय, ही बातमी चौकीदाराने त्यांना दिली होती. मला वाटलं, चहाला बोलवायला आले असतील. त्यांनी माझ्याकडे फार दयेने पाहिलं आणि विचारलं, "तीनशे एक घेतलंत?"

"हो."

"आणि कुणी काही बोललं न्हाई तुम्हाला?"

"काय बोलायला हवं होतं?"

त्यांनी इकडेतिकडे बघितलं, आवाज खाली आणला आणि म्हणाले, "सात त्रेचाळीस."

या घरात कधीतरी सात वाजून त्रेचाळीस मिनिटांनी काहीतरी भयंकर घडलं असावं, असाच माझा समज झाला. पंखा, दोर, पोलीस, सगळं डोळ्यांपुढे आलं. मी हातातली बादली खाली ठेवली.

"तीनशे एक मतलब सात गुणिले त्रेचाळीस," ते म्हणाले. "दिसायला अगदी मूळ संख्या. दोननं जात न्हाई, तीननं जात न्हाई, पाचनं जात न्हाई. माणूस फसतो की ओ! आणि आतनं बघावं तर सात त्रेचाळीस. ढोंगी नंबर हाय. आमचा बघा, तीनशे सात. कुणीबी भागून दाखवावं." मग एकदम हात पुढे करून म्हणाले, "सुभेदार घोलप. गाव तासगाव. चहाला या."

माझा जीव भांड्यात पडला. त्या दिवसापासून मी तीनशे एक झालो. "काय तीनशे एक, ऑफिसला निघाला?" "तीनशे एक, कचोरी आणलीय, गरम हाय तवर या." माझं खरं नाव त्यांनी चार वर्षांत दोनदाच घेतलं.

आता मी पुण्यात असतो. इथल्या सोसायटीत शेजारच्या दारावर काय क्रमांक आहे, हे मला आठवावं लागतं. जयपूरच्या त्या जुन्या तीन मजली इमारतीचे सगळे क्रमांक मात्र त्यांच्या अवयवांसकट पाठ आहेत, आणि त्याला जबाबदार घोलपकाका.

काका फौजेत जवानांना गणित शिकवायचे. शेवटची नेमणूक जयपूरला झाली, काकूंना इथल्या शाळेत नोकरी लागली, मुलगी मृणाल इथेच वाढली, आणि निवृत्तीनंतर तासगावला परत जायचं राहून गेलं. मी आलो तोवर काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती, मृणाल ऑस्ट्रेलियात होती आणि तीनशे सातमध्ये काका होते, एक फळा होता आणि मूळ संख्या होत्या. मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः सोडून दुसरं कुणी निःशेष भागत नाही ती. हे शाळेत सगळेच शिकतात आणि परीक्षा झाली की विसरतात. काकांची परीक्षा संपलीच नव्हती.

त्यांच्याबरोबर कुठे जायचं म्हणजे दिव्यच. चौकात उभं राहायचं, रिक्षा थांबायची, काका तिच्या नंबराची पाटी वाचायचे आणि तोंडातल्या तोंडात भागाकार सुरू करायचे. रिक्षावाला विचारी, "बाऊजी, चलना है के नहीं?" काका बोट वर करून म्हणत, "रुको भैया, तेरा बाकी है." तेराने भागून होईस्तोवर तो सांगानेरच्या वाटेला लागलेला असे. पाटी मूळ निघाली तर मात्र काका टाच जुळवून कडक सलाम ठोकायचे. एकदा दोन हजार सत्तावीस क्रमांकाच्या जीपला त्यांनी असा सलाम ठोकला, आणि शेजारी उभ्या वाहतूक हवालदाराला तो आपल्यालाच वाटला. त्यानेही उलट सलाम केला. पुढे तो हवालदार काका दिसले की आधीच सलाम करून मोकळा व्हायचा. काकांना कारण कधी कळलं नाही. "शिस्तीचा पोरगा हाय," एवढंच म्हणायचे.

साखर तपासायला मीच त्यांना घेऊन जायचो. एकदा एकशे एकोणपन्नास आली. काकांचा चेहरा असा खुलला, की डॉक्टरांना वाटलं यांना नीट ऐकू आलं नाही. महिनाभर कारल्याचा रस पिऊन ती एकशे चव्वेचाळीसवर आली तेव्हा डॉक्टर खूश आणि काका हिरमुसलेले. जिना उतरताना स्वतःचीच समजूत घालत होते, "असूंदे. पूर्ण वर्ग हाय. बाराचा. अगदीच वाया न्हाई गेला महिना."

आदर्श नगरचा पिनकोडसुद्धा त्यांनी सोडला नव्हता. इमारतीच्या बैठकीत पाण्याच्या टाकीवरून दोन शेजारी एकमेकांच्या अंगावर धावून गेले, तेव्हा काका शांतपणे माझ्या कानात म्हणाले, "तीन लाख दोन हजार चार. छत्तीसनं पूर्ण भाग जातो. छत्तीसचा आकडा हाय पत्त्यातच, करणार काय?" मी घरी येऊन भागून बघितलं. खरंच जातो.

आणि वाढदिवस. काका वाढदिवस फक्त मूळ वर्षांचे करायचे. सदुसष्टावा केला होता, मग अडुसष्ट, एकोणसत्तर आणि सत्तर ही तीन वर्षं कोरडी. मी पेढे घेऊन गेलो की दारातूनच परत पाठवायचे. "सत्तर? दोन, पाच, सात. तिघं वाटून घेतात याला. आपल्या वाट्याला काय राहतंय? एकाहत्तरला या."

पण हे सगळं वरवरचं. काकांचं खरं काम बाहेरच्या खोलीतल्या फळ्यावर होतं. त्यावर खडूने, छापल्यासारख्या अक्षरात, एक संख्या लिहिलेली असायची: २,८२,७८,७४९. दोन कोटी ब्याऐंशी लाख अठ्ठ्याहत्तर हजार सातशे एकोणपन्नास. खडू पुसट झाला की त्यावरूनच पुन्हा गिरवायचे. मी पहिल्यांदा चहाला गेलो तेव्हा त्यांनी घरात नवी सून दाखवावी तशी मला ती दाखवली.

"अंकांची बेरीज करा."

मी केली. "सत्तेचाळीस."

"तीपण मूळ! तीननं भाग जात न्हाई. आता तीन पहारेकरी." सात, अकरा आणि तेरा हे त्यांचे तीन पहारेकरी. कोणतीही मोठी संख्या उजवीकडून तीन-तीन अंकांत तोडायची, पहिल्या गटातून दुसरा वजा करायचा, तिसरा मिळवायचा. "सातशे एकोणपन्नास वजा दोनशे अठ्ठ्याहत्तर अधिक अठ्ठावीस. किती? चारशे नव्याण्णव. आता याला तिघांसमोर उभं करा. सातला दोन उरतात, अकराला चार, तेराला पाच. तिघांनीबी सोडलं तिला! वर्ग बघावा तर पाच हजार तीनशे सतरा आणि अठरा, दोघांच्या वर्गांच्या मधे बसलीय. अशी पोरगी हाय."

"मग मूळ आहे?"

"न्हाई. दोन मूळ संख्यांचा गुणाकार हाय. कुठल्या दोन, ते शोधायचं."

"कुणी घातलंय कोडं?"

"मृणालनं," काका म्हणाले आणि चहात बुडवलेलं बिस्किट चहातच पडलं.

ती गोष्ट त्यांनी मला तुकड्यातुकड्यांनी सांगितली. काकू होत्या तोवर घरात बोलणं काकू करायच्या. मृणाल आईशी बोलायची, काका काकूंशी, आणि निरोप इकडून तिकडे जायचे. काकू गेल्यावर बापलेकीच्या ध्यानात आलं, की आपल्याला एकमेकांशी बोलताच येत नाही. तिचं मराठी हिंदीत वाढलेलं, यांचं बोलणं आकड्यांत. जेवताना नुसता चमच्यांचा आवाज. तिने गणित सोडून कापडावरच्या छपाईचं शिक्षण घेतलं, त्यावरून खडाजंगी झाली, मग तीही संपली आणि घर आणखीच गप्प झालं. पुढे ती मेलबर्नला निघाली. विमानतळावरही तसंच. तिच्या बॅगेवरच्या चिठ्ठीतला क्रमांक ते भागत उभे राहिले. तेव्हा तिने पर्समधून कागद काढून ही संख्या लिहिली आणि त्यांच्या खिशात घातली.

"म्हणाली, 'बाबा, ही मी बनवली. दोन प्राइमचा गुणाकार. तुम्ही फोडा. जब तक फुटत नाही, मी दर संडेला फोन करून विचारणार.'" काकांनी तिच्या आवाजाची नक्कल केली नाही, तरी तो आवाज मला ऐकू आला.

तेव्हापासून रोज सकाळी सात वाजता काका टेबलाशी बसायचे. एका दिवसाला एक मूळ संख्या, हा नियम. हाताने पूर्ण भागाकार, मग उलटा गुणाकार करून पडताळा, मग वहीत बाकीची नोंद. "फौजेत रेशन असतं. सगळं एका दिवशी खायचं नसतं." आणि रविवारी सकाळी दहा ते साडेदहा तीनशे सातचं दार कुणी वाजवायचं नाही, हाही नियम. त्या अर्ध्या तासात मृणालचा फोन असायचा. सव्वानऊलाच काका दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून तयार. साडेदहानंतर दार उघडायचं आणि ते दुपारपर्यंत काहीतरी गुणगुणत असायचे. माझं जयपूर आठवतं ते असं. रविवारची सकाळ, जिन्यात कुणाच्या तरी घरच्या फोडणीचा वास, आणि त्या दारामागून येणारं काकांचं अस्पष्ट हसणं.

आता माझ्या मूर्खपणाकडे येतो.

मी सॉफ्टवेअरमधला माणूस. काका एकाहत्तरचे होणार होते, चार वर्षांनी मूळ वाढदिवस आला होता, आणि योगायोगाने तो संक्रांतीनंतरच्या रविवारीच आला. काकांनी मला आठवडाभर आधी बोलावणं केलं. "साडेनऊला या. फोनवर तुमचीबी ओळख करून देतो." एवढा मान तोवर कुणाला मिळाला नव्हता. भेट काय द्यावी याचा विचार करताना मला वाटलं, बिचारे इतकी वर्षं हाताने भागतायत. मी लॅपटॉप उघडला, चार ओळी लिहिल्या, कळ दाबली. बोट उचलायच्या आत उत्तर आलं. तीन हजार पाचशे एकाहत्तर गुणिले सात हजार नऊशे एकोणीस.

मला कोण आनंद झाला! मी तडक बेकरीत गेलो.

"केक पे नाम क्या लिखना है, सर?"

मी कागद दिला. 3571 × 7919.

तो बराच वेळ कागद बघत राहिला. "सर, नई गाड़ी ली है क्या?"

रविवारी साडेनऊला मी खोकं घेऊन तीनशे सातमध्ये गेलो. काका मला गच्चीवर घेऊन गेले. कोवळं ऊन होतं, आसपासच्या गच्च्यांवर संक्रांतीचे उरलेले पतंग अजून उडत होते. काकांनी खुर्च्या मांडल्या होत्या, स्टुलावर फोन उभा करून ठेवला होता. मी ऐटीत खोकं समोर ठेवलं. "उघडा काका."

त्यांनी झाकण वर केलं. केककडे पाहिलं. आणि हळूच झाकण पुन्हा लावलं.

मला वाटलं, त्यांना भरून आलं. मी हसतच होतो. ते उठले, खाली गेले आणि सुरी घेऊन आले. मला वाटलं, आता कापणार. त्यांनी झाकण काढलं आणि सुरीच्या पात्याने केकवरचे आकडे खरवडायला सुरुवात केली. आधी सात हजार नऊशे एकोणीस, मग गुणाकाराची खूण, मग तीन हजार पाचशे एकाहत्तर. काम फौजी होतं. खालचा तपकिरी केक उघडा पडेपर्यंत त्यांनी सगळं साफ केलं.

"काका, चुकलं का उत्तर?"

"बरोबर हाय," ते म्हणाले. "पाचशेव्या दिवशीच फुटली ती. तीन हजार पाचशे एकाहत्तर ही पाचशेवी मूळ संख्या. मी तिला दिलेल्या पुस्तकाच्या मागं हजार मूळ संख्यांचा तक्ता हाय. त्यातली मधली आणि शेवटची घेतली पोरीनं. आळशी पहिल्यापासनं."

आणि आता, ऐन वेळी, माझ्यातला इंजिनियर जागा झाला. दोन संख्यांच्या गुणाकारात लहान संख्या वर्गमुळाच्या पलीकडे जाऊच शकत नाही. इथे वर्गमूळ पाच हजार तीनशेच्या आसपास. त्याच्या आत मूळ संख्या असतील सातशे. रोज एकीने भागलं तरी दोन वर्षांच्या आत खेळ खलास. आणि काका अकरा वर्षं होत आली तरी भागत होते. हे मला चार वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं.

"मग सांगितलं का नाहीत?"

काकांनी खुर्चीला अडकवलेल्या पिशवीतून वही काढली आणि एक पान उघडून माझ्यापुढे धरलं. तीन हजार पाचशे एकाहत्तरसमोर बाकीच्या रकान्यात शून्य होतं. त्याखाली दुसऱ्या दिवसाची नोंद: तीन हजार पाचशे एक्क्याऐंशी, मग त्र्याऐंशी, मग त्र्याण्णव. पान उलटलं, पुढेही तसंच. पानंच्या पानं.

"बुधवार होता. सांगावं म्हणून दिवसभर फोनपाशी बसलो. मग वाटलं, सांगितलं मतलब फोन संपला. रविवारी तिनं विचारलं, 'बाबा, फुटली का?' मी म्हटलं न्हाई. 'कुठपर्यंत आले?' मी म्हटलं, तीन हजार सहाशे सात. जरा वेळ गप्प बसली ती. मग म्हणाली, 'ठीक है बाबा, पुढच्या संडेला विचारते.'"

"पण उत्तर मिळाल्यावरही रोज भागताय?"

"तिनं विचारलं कुठपर्यंत आलात, तर खोटा आकडा सांगू?" काका दुखावल्यासारखे म्हणाले. "तक्ता हजाराव्याला संपला. पुढच्या सगळ्या मी हातानं चाळून काढल्यात. एक खोटं बोलतो आठवड्याला. बाकी सगळं खरं हाय वहीत."

मी वही मिटून त्यांच्या हातात दिली. तेवढ्यात फोन वाजला. काकांनी मिशीवरून हात फिरवला आणि बटण दाबलं.

पडद्यावर चाळिशीकडे झुकलेली, काकांसारख्याच ताठ मानेची बाई हसत होती. "हॅपी बर्थडे बाबा! एकाहत्तर, प्राइम!" माझी ओळख झाली. मग तिची नजर केकवर गेली. "अरे, हा केक असा गंजा का आहे?"

मी काकांकडे बघितलं. काका सरळ समोर बघत म्हणाले, "मुंग्या लागल्या."

"जानेवारीत?"

"जयपूरच्या मुंग्या हायत. त्यांना काय थंडी?"

ती खळखळून हसली. काकाही हसले. अकरा वर्षं ज्या हसण्याचा फक्त आवाज दारामागून कुणाकुणाला ऐकू आला असेल, ते मी समोर बसून बघत होतो. मग तिने आवाज जरा गंभीर केला. "अच्छा बाबा. फुटली का?"

"न्हाई. अजून न्हाई."

"कुठपर्यंत आले?"

"सदतीस हजार तीनशे सात."

"वा," ती म्हणाली. "चालू ठेवा. पुढच्या संडेला विचारते."

मी चमकून पडद्याकडे पाहिलं. सदतीस हजार! जिने स्वतःच्या हाताने तीन हजार पाचशे एकाहत्तरचा गुणाकार केला होता, ती "वा" म्हणत होती. जिच्या बापाने तीन हजार सहाशे सात सांगितलं तेव्हा जी क्षणभर गप्प बसली होती, ती.

फोन बंद झाला. काका खुर्ची उचलून सावलीत ठेवत होते. मी म्हणालो, "काका, पण मृणालताईंना तर..."

"गणित मीच शिकवलंय तिला," काका म्हणाले. त्यांनी केकचा मोठा तुकडा कापून माझ्या हातात दिला आणि चार वर्षांत दुसऱ्यांदा माझं नाव घेतलं. "खा, अभिजित. मुंग्या लागतील."

त्यानंतर दोन महिन्यांनी माझी बदली पुण्याला झाली. आज दोन वर्षं होत आली. येत्या जानेवारीत काका त्र्याहत्तरचे होतील. एकाहत्तर आणि त्र्याहत्तर ही जोडमूळ जोडी, त्यामुळे या वेळी फार थांबावं लागलेलं नाही. परवा मी जयपूरच्या त्याच बेकरीत फोन केला आणि तीनशे सातच्या पत्त्यावर केक पाठवायला सांगितला.

"केक पे क्या लिखना है, सर?"

मी एकेक अंक सावकाश सांगितला. दोन, आठ, दोन, सात, आठ, सात, चार, नऊ.

"बीच में कुछ? वो गुणा वाला निशान?"

"नहीं," मी म्हणालो. "पूरा एक साथ लिखना. कहीं से टूटना नहीं चाहिए."